गिधाडांच्या मृत्यूचा शोध आणि पुण्यातील प्रयोगशाळा : एक ऐतिहासिक अभ्यास (१९९६ ते २००६)

सारांश

विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात भारतीय उपखंडातील गिधाडांच्या तीन जाती अल्पावधीत जवळजवळ नाहीशा झाल्या. या मृत्यूंचे कारण प्रारंभी कोणालाही सांगता आले नाही. कारणाच्या शोधात पुणे येथील पोल्ट्री डायग्नॉस्टिक अँड रिसर्च सेंटर या कुक्कुटरोगांच्या प्रयोगशाळेचा महत्त्वाचा सहभाग होता. या प्रयोगशाळेशी संबंधित संशोधकांनी मांडलेले विषाणुजन्य साथीचे गृहीतक पुढे टिकले नाही. मात्र मृत पक्ष्यांच्या शरीरात त्यांनी नोंदविलेली लक्षणे अचूक होती. निरीक्षण बरोबर असूनही अनुमान का चुकले, आणि योग्य अनुमान कोणत्या मार्गाने हाती आले, याचा ऐतिहासिक आढावा प्रस्तुत शोधनिबंधात घेतला आहे.

बीजसंज्ञा : गिधाड, शवविच्छेदन, पुणे, व्हिसरल गाउट, डायक्लोफिनॅक, विज्ञानाचा इतिहास.

प्रस्तावना

मराठी भाषेत गिधाडाला फारसे चांगले स्थान नाही. दुसऱ्याच्या संकटावर टपून बसणाऱ्या माणसाला गिधाड म्हणण्याची रीत आहे. दुसरीकडे सीतेसाठी रावणाशी लढून प्राण देणारा जटायू हाही गिधाडच आहे, आणि नाशिक जिल्ह्यातील इगतपुरी तालुक्यात टाकेद येथे त्याच्या स्मृतीचे तीर्थक्षेत्र आहे. लोकमानसातील या दोन टोकांच्या मध्ये गिधाडाचे खरे काम राहून गेले. गावाबाहेर टाकलेले मेलेले जनावर काही तासांत साफ करणारा हा पक्षी ग्रामीण आरोग्यव्यवस्थेचा एक विनावेतन घटक होता. तो सर्वत्र दिसत असल्यामुळे त्याची मोजदाद करण्याची गरज फार थोड्यांना वाटली. पांढऱ्या पाठीचे गिधाड हा जगातील मोठ्या शिकारी पक्ष्यांपैकी बहुधा सर्वाधिक संख्येने आढळणारा पक्षी असावा, असे मत १९८०च्या दशकात पक्षिशास्त्रज्ञ व्यक्त करीत होते. त्यानंतर अवघ्या पंधरा वर्षांत हीच जात अतिसंकटग्रस्त ठरली.

या घटनेविषयी जगभर विपुल लेखन झाले आहे. त्यात बहुधा २००४ साली पाकिस्तानातील संशोधनातून लागलेल्या अंतिम उत्तराचीच कथा सांगितली जाते. त्याआधीच्या चार-पाच वर्षांत भारतात, विशेषतः पुण्यात, जे काम झाले त्याचा उल्लेख एखाद्या वाक्यात आटोपला जातो. शोधाचा इतिहास केवळ यशस्वी उत्तराचा इतिहास नसतो. उत्तर का लांबले हेही त्यातून समजावे लागते. या दृष्टीने पुण्यातील कामाकडे पुन्हा पाहणे आवश्यक ठरते.

अभ्यासाची उद्दिष्टे

१. गिधाडांच्या अनाकलनीय मृत्यूंच्या तपासाचा कालक्रम मांडणे.
२. या तपासातील पुणे येथील प्रयोगशाळेच्या कार्याचे स्वरूप समजून घेणे.
३. विषाणुजन्य साथीचे गृहीतक का स्वीकारार्ह वाटले आणि ते का मागे पडले याचे विवेचन करणे.
४. कारण निश्चित झाल्यानंतर भारतात व महाराष्ट्रात झालेल्या उपाययोजनांचा आढावा घेणे.

अभ्यासपद्धती

प्रस्तुत अभ्यासासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे. प्रकाशित वैज्ञानिक निबंधांतील निष्कर्ष, शासकीय आदेश आणि पक्षिगणनेच्या नोंदी यांचा उपयोग करण्यात आला आहे. कालमर्यादा मुख्यतः १९९६ ते २००६ अशी असली तरी नंतरच्या घडामोडींचा आवश्यक तेथे निर्देश केला आहे.

मृत पक्षी : एक नाशवंत पुरावा

इतिहासकार कागदपत्रांवर विसंबतो. पक्ष्यांच्या मृत्यूचा तपास करणारा संशोधक मृत शरीरावर विसंबतो. दोहोंत एक साम्य आहे. पुरावा जितका जुना होतो तितका तो अवाचनीय होतो. फरक इतकाच की कागद शतकभर टिकू शकतो, तर उन्हाळ्यात झाडाखाली पडलेले पक्ष्याचे शव दोन दिवसांतच तपासणीस निरुपयोगी होते.

शवे भरपूर मिळाली तरी कारण हाती लागतेच असे नाही. १९६९ सालच्या शरद ऋतूत ब्रिटन व आयर्लंड यांमधील आयरिश समुद्राच्या किनाऱ्यांवर बारा हजारांहून अधिक समुद्रपक्षी मरून पडलेले आढळले. त्यांत गिलेमॉट या पक्ष्यांचे प्रमाण सर्वाधिक होते. काही पक्ष्यांच्या यकृतात पीसीबी या औद्योगिक रसायनाचे प्रमाण मोठे आढळल्याने संशय तिकडे वळला. परंतु हे पक्षी पिसे गळण्याच्या काळात होते, उपाशी होते आणि वादळी हवामानाला तोंड देत होते. उपासमारीत शरीरातील चरबी वापरली जाते आणि तिच्यात साठलेले रसायन यकृतात उतरते. त्यामुळे रसायन हे मृत्यूचे कारण होते की मरणासन्न अवस्थेचा परिणाम, हे ठरविता आले नाही. १९७१ साली प्रसिद्ध झालेल्या अहवालात कोणत्याही एका कारणावर निश्चितपणे बोट ठेवण्यात आले नाही. शरीरात सापडलेली प्रत्येक असामान्य गोष्ट मृत्यूचे कारण नसते, हा या घटनेचा धडा होता. भारतातील गिधाडांच्या तपासातही हाच प्रश्न वेगळ्या रूपात उभा राहिला.

भरतपूरची नोंद

राजस्थानातील भरतपूर येथील केवलादेव राष्ट्रीय उद्यानात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे संशोधक डॉ. विभू प्रकाश यांनी १९८०च्या दशकात शिकारी पक्ष्यांचा अभ्यास केला होता. १९८७–८८च्या विणीच्या हंगामात त्यांना तेथे पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची ३५३ घरटी आढळली. १९९६ साली ते पुन्हा त्याच उद्यानात आले, तेव्हा घरट्यांची संख्या निम्म्याहून कमी झाली होती. अनेक झाडांवर, झुडपांवर आणि घरट्यांतही मृत गिधाडे लटकलेली होती. जिवंत पक्ष्यांपैकी कित्येक मान खाली टाकून तासन् तास बसून राहत. पुढील काही हंगामांत ही घसरण थांबली नाही आणि २००३पर्यंत उद्यानातील या जातीची वीण पूर्णतः बंद पडली.

ही घट एका उद्यानापुरती आहे की देशव्यापी, हे ठरविण्यासाठी सोसायटीच्या जुन्या नोंदी उपयोगी पडल्या. १९९१ ते १९९३ या काळात उत्तर व मध्य भारतातील रस्त्यांवरून प्रवास करीत शिकारी पक्ष्यांची गणना करण्यात आली होती. २००० साली त्याच मार्गांवरून गणना पुन्हा केली गेली. पांढऱ्या पाठीच्या आणि लांब चोचीच्या गिधाडांची संख्या नव्वद टक्क्यांहून अधिक घटल्याचे त्यातून दिसून आले. वेगळ्याच हेतूने केलेली जुनी गणना हाताशी नसती, तर घसरणीचे प्रमाण कधीच सिद्ध करता आले नसते, हे येथे ध्यानात घ्यावे लागते. २००० साली आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने या जातींचा अतिसंकटग्रस्त वर्गात समावेश केला.

पुण्यातील शवविच्छेदन

मृत्यूचे कारण शोधायचे तर पक्ष्यांच्या विकृतिशास्त्राचे जाणकार हवे होते. भारतात वन्य पक्ष्यांच्या रोगांचा स्वतंत्र अभ्यास त्या काळी फारसा विकसित झालेला नव्हता. मात्र कुक्कुटपालन व्यवसायाच्या वाढीबरोबर कोंबड्यांच्या रोगांचे ज्ञान मोठ्या प्रमाणात जमा झाले होते, आणि या व्यवसायाचे एक प्रमुख केंद्र पुणे होते. व्यंकटेश्वरा हॅचरीज या उद्योगसमूहाचे पोल्ट्री डायग्नॉस्टिक अँड रिसर्च सेंटर पुण्याच्या पूर्वेस, लोणी काळभोर परिसरात कार्यरत होते. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी, ब्रिटनमधील रॉयल सोसायटी फॉर द प्रोटेक्शन ऑफ बर्ड्स, लंडनची झूऑलॉजिकल सोसायटी आणि पुण्याचे हे केंद्र यांच्या सहकार्याने तपास सुरू झाला. ब्रिटिश सरकारच्या डार्विन उपक्रमातून त्याला अर्थसाहाय्य लाभले. अशा रीतीने उत्तरेकडील जंगलांत मेलेल्या गिधाडांचा तपास पुण्यातील कोंबड्यांच्या प्रयोगशाळेकडे आला.

या कामातील अडचणी मोठ्या होत्या. शव ताजे असताना हाती लागणे दुर्मिळ होते. उंच झाडावर मेलेला पक्षी अनेकदा तेथेच कुजत असे. वन्य पक्ष्याचे शव उचलणे, ते एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेणे किंवा त्याचे ऊतक परदेशी प्रयोगशाळेकडे पाठविणे यांसाठी शासकीय परवानग्या लागत आणि त्यात वेळ जाई. जैविक सामग्री देशाबाहेर जाण्याविषयी शासनाला वाटणारी काळजी अनाठायी नव्हती. परंतु तिचा परिणाम म्हणून तपासाची गती मंदावली.

या मर्यादांतही शवविच्छेदनातून एक ठळक लक्षण वारंवार दिसून आले. मृत गिधाडांच्या हृदयावर, यकृतावर व मूत्रपिंडांवर खडूच्या भुकटीसारखा पांढरा थर जमलेला होता. व्हिसरल गाउट या नावाने ओळखली जाणारी ही विकृती आहे. पक्षी आपल्या शरीरातील नत्रयुक्त टाकाऊ द्रव्य यूरिक आम्लाच्या रूपात बाहेर टाकतात. मूत्रपिंडे निकामी झाली की हे आम्ल रक्तात साठते आणि त्याचे स्फटिक अवयवांवर बसतात. याखेरीज आतड्यांचा व रक्तवाहिन्यांचा दाह, तसेच मेंदूच्या ऊतकातील काही बदलही नोंदविण्यात आले.

साथीचे गृहीतक

या निरीक्षणांवर आधारलेला निबंध २००३ साली ‘ॲनिमल कॉन्झर्व्हेशन’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. अँड्र्यू कनिंगहॅम, विभू प्रकाश, डेबोरा पेन, असद रहमानी यांच्यासमवेत घळसासी, कोलते, निघोट, क्षीरसागर ही नावे त्याच्या लेखकांत आढळतात. भारतीय गिधाडे एखाद्या संसर्गजन्य रोगाच्या साथीला बळी पडत आहेत काय, असा प्रश्न निबंधाच्या शीर्षकातच विचारलेला होता. उपलब्ध पुरावा संसर्गजन्य, आणि बहुधा विषाणुजन्य, कारणाकडे निर्देश करतो असे मत त्यात मांडण्यात आले.

आज हे मत चुकीचे ठरले असले तरी त्या वेळी ते निराधार नव्हते. त्यामागील कारणे पुढीलप्रमाणे सांगता येतात.

पहिले कारण म्हणजे मृत्यूंचा भौगोलिक विस्तार. संरक्षित उद्याने, शेतीप्रदेश आणि शहरांचे परिसर अशा परस्परभिन्न ठिकाणी एकाच वेळी गिधाडे मरत होती. स्थानिक विषबाधेने अशी व्यापकता स्पष्ट होत नव्हती.

दुसरे कारण म्हणजे मृत्यूंची निवडकता. त्याच मृत जनावरांवर जगणारे कावळे, घारी व कुत्रे मरत नव्हते. जिप्स या एकाच प्रजातीतील गिधाडे मरत होती. एका प्रजातीलाच ग्रासणारा विषाणू ही कल्पना या निवडकतेशी जुळत होती.

तिसरे कारण विषांच्या तपासणीशी संबंधित आहे. डीडीटीमुळे अंड्यांची कवचे पातळ होऊन युरोप-अमेरिकेतील शिकारी पक्षी घटल्याचा अनुभव १९६०च्या दशकापासून सर्वज्ञात होता. त्यामुळे भारतातही कीटकनाशके व जड धातू यांच्यासाठी नमुने तपासले गेले. मृत्यूचे स्पष्टीकरण होईल इतके प्रमाण त्यांत आढळले नाही. ज्ञात विषे सापडली नाहीत, म्हणून विषबाधेची शक्यताच मागे पडली.

चौथे कारण प्रयोगशाळेच्या अनुभवात शोधता येते. कोंबड्यांमध्ये व्हिसरल गाउट नवीन नाही. इन्फेक्शियस ब्राँकायटिस या रोगाच्या विषाणूचे काही प्रकार कोंबडीच्या मूत्रपिंडांवर आघात करतात आणि त्यातून गाउट उद्भवतो. कुक्कुटरोगांच्या अभ्यासकाला पांढरा थर पाहून विषाणूची शंका येणे हे त्याच्या विद्याशाखेला धरूनच होते.

मान खाली टाकून बसण्याचे लक्षणही साथीच्या कल्पनेला पूरक वाटले. आजारी गिधाड आठवडेच्या आठवडे असे बसते, असे मानले गेले. पुढे २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, निरोगी गिधाडेही उष्णतेपासून बचाव करण्यासाठी अशी बसतात आणि या लक्षणावरून मृत्यूचे भाकीत करता येत नाही, असे दाखविण्यात आले.

विषाणूचा शोधही रिकाम्या हाताने परतला नाही. भारतीय गिधाडाच्या नमुन्यातून ऑस्ट्रेलियातील प्रयोगशाळेत हर्पिस कुळातील एक नवा विषाणू वेगळा करण्यात आला. पण त्याचा संबंध सामूहिक मृत्यूंशी जोडता आला नाही. आयरिश समुद्रातील पीसीबीप्रमाणेच तोही शरीरात सापडलेली, परंतु कारण नसलेली गोष्ट ठरला.

पंजाबातील तपास

याच सुमारास, २००० सालापासून, पाकिस्तानातील पंजाब प्रांतात अमेरिकेतील पेरेग्रिन फंड ही संस्था व पाकिस्तानची पक्षिशास्त्रीय संस्था यांनी स्वतंत्र तपास सुरू केला होता. वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठातील पशुवैद्यक लिंडसे ओक्स यांच्याकडे त्यातील रोगनिदानाची धुरा होती. तेथे गिधाडांच्या वसाहती अद्याप शिल्लक होत्या आणि मृत्यू चालू होते, त्यामुळे ताजी शवे मोठ्या संख्येने उपलब्ध झाली. तपासलेल्या २५९ गिधाडांपैकी २१९ गिधाडांत, म्हणजे सुमारे पंचाऐंशी टक्क्यांत, व्हिसरल गाउट आढळला. पुण्यात नोंदविलेले प्रमुख लक्षणच येथे अधिक मोठ्या संख्येने समोर आले.

फरक पुढील प्रश्नात होता. ओक्स व त्यांच्या सहकाऱ्यांनीही प्रथम विषाणू, जिवाणू, कीटकनाशके व धातू यांचा शोध घेतला आणि तो निष्फळ ठरला. त्यानंतर त्यांनी प्रश्नाची मांडणी बदलली. गिधाडाला कोणता रोग झाला असावा, याऐवजी गिधाडाच्या अन्नात काय आहे, हे विचारण्यात आले. गिधाडाचे अन्न म्हणजे मेलेली गाय, बैल वा म्हैस. मरण्यापूर्वी त्या जनावराला कोणती औषधे दिली जातात? त्यांपैकी कोणते मूत्रपिंडांना घातक आहे, तोंडावाटे शरीरात शोषले जाते आणि अलीकडेच सर्वत्र वापरात आले आहे? पशुवैद्य आणि पशुऔषधांचे विक्रेते यांच्याकडे केलेल्या चौकशीतून या सर्व अटी पूर्ण करणारे एकच औषध पुढे आले. ते म्हणजे डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक.

गाउट असलेल्या २५ गिधाडांची मूत्रपिंडे तपासण्यात आली. सर्वांत डायक्लोफिनॅकचे अवशेष होते. गाउट नसलेल्या १३ गिधाडांपैकी एकातही ते नव्हते. औषध दिलेल्या जनावरांचे मांस बंदिस्त गिधाडांना खाऊ घातल्यावर त्यांतही मूत्रपिंडे निकामी होऊन तसाच पांढरा थर आढळला. आयरिश समुद्राच्या प्रकरणात जो दुवा सिद्ध करता आला नव्हता, तो येथे प्रयोगाने सिद्ध झाला. मे २००३ मध्ये बुडापेस्ट येथील शिकारी पक्ष्यांविषयीच्या जागतिक परिषदेत हा निष्कर्ष जाहीर करण्यात आला आणि २००४च्या प्रारंभी ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाला.

त्याच वर्षी भारत व नेपाळमधील मृत गिधाडांचे नमुने याच दृष्टीने तपासण्यात आले आणि गाउट व डायक्लोफिनॅक यांचे साहचर्य तेथेही दिसून आले. उत्तर भारतातील नमुन्यांतच होते. आधीच्या तपासण्यांच्या यादीत मात्र या औषधाचे नाव नव्हते.

गोठ्यातील औषध

डायक्लोफिनॅक हे मूलतः माणसांचे औषध. भारतात १९९०च्या दशकात ते जनावरांसाठी सर्रास वापरात आले. १९७०च्या पेटंट कायद्यामुळे भारतीय कंपन्यांना प्रचलित औषधे स्वस्तात तयार करणे शक्य झाले होते आणि हे औषधही त्यामुळे गावोगाव परवडणाऱ्या किमतीत मिळू लागले. लंगडणारा बैल, सडांना सूज आलेली गाय, तापाने बसलेली म्हैस अशा कोणत्याही दुखण्यावर त्याचे इंजेक्शन दिले जाई. शेतकऱ्याच्या दृष्टीने ती जनावरावरील दयाच होती. मात्र उपचारानंतर काही दिवसांतच जनावर दगावले आणि उघड्यावर टाकले गेले, तर त्याच्या मांसातील औषध गिधाडांच्या पोटात जाई.

असे विषारी शव किती प्रमाणात असावे लागते? रिस ग्रीन व सहकाऱ्यांनी २००४ साली मांडलेल्या गणितानुसार, उपलब्ध जनावरांच्या शवांपैकी एक टक्क्याहूनही कमी शवांत घातक प्रमाणात औषध असले, तरी गिधाडांच्या घसरणीचे पूर्ण स्पष्टीकरण होते. गिधाड वर्षाला एकच अंडे घालते, प्रौढ होण्यास त्याला सुमारे पाच वर्षे लागतात आणि एका शवावर अनेक गिधाडे एकत्र जेवतात. त्यामुळे एक दूषित शव संपूर्ण थव्याला पुरे पडते. नंतर भारतातील बारा राज्यांतून जमविलेल्या १,८४८ जनावरांच्या यकृतांच्या नमुन्यांपैकी सुमारे दहा टक्के नमुन्यांत डायक्लोफिनॅक आढळले.

साथीच्या गृहीतकाला ज्या गोष्टी पूरक वाटल्या होत्या, त्यांचे स्पष्टीकरण आता वेगळ्या रीतीने झाले. मृत्यू सर्वत्र होत होते, कारण औषध सर्वत्र विकले जात होते. जिप्स गिधाडेच मरत होती, कारण त्यांची मूत्रपिंडे या औषधापुढे असाधारण दुर्बल होती आणि मोठ्या जनावरांच्या शवांवरच त्यांचा निर्वाह होता. म्हणजे तथ्ये तीच राहिली. त्यांना जोडणारे सूत्र बदलले.

बंदी, पर्याय आणि उर्वरित प्रश्न

कारण कळल्यानंतर शासकीय प्रक्रिया तुलनेने लवकर हलली. मार्च २००५ मध्ये राष्ट्रीय वन्यजीव मंडळाने पशुवैद्यकीय डायक्लोफिनॅक बंद करण्याची शिफारस केली. पर्यायी औषधाशिवाय बंदी टिकणार नव्हती. २००६च्या आरंभी मेलॉक्सिकॅम हे वेदनाशामक गिधाडांना सुरक्षित असल्याचे प्रसिद्ध झाले. ११ मे २००६ रोजी भारताच्या औषध महानियंत्रकांनी पशुवैद्यकीय डायक्लोफिनॅकचे उत्पादन टप्प्याटप्प्याने थांबविण्याचे निर्देश दिले. नेपाळ व पाकिस्तान यांनीही त्याच वर्षी पावले उचलली.

तथापि माणसांसाठी बनविलेल्या डायक्लोफिनॅकच्या मोठ्या बाटल्या जनावरांसाठी वापरल्या जात राहिल्या. म्हणून २०१५ साली मानवी इंजेक्शनाच्या कुपीचे आकारमान ३ मिलिलिटरपर्यंत मर्यादित करण्यात आले. गिधाडांना घातक ठरलेल्या किटोप्रोफेन व ॲसिक्लोफिनॅक या औषधांच्या पशुवैद्यकीय वापरावर २०२३ साली बंदी आली. एका औषधावरील बंदीने प्रश्न संपला नाही, हे या कालक्रमावरून स्पष्ट होते.

दरम्यान झालेली हानी प्रचंड होती. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या गणनेनुसार १९९२ ते २००७ या काळात पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या ९९.९ टक्के, तर लांब चोचीच्या व निमुळत्या चोचीच्या गिधाडांची मिळून सुमारे ९७ टक्के घटली. तिचे मोल माणसांनाही द्यावे लागले. उघड्यावर कुजणारी शवे, भटक्या कुत्र्यांची वाढ आणि रेबीजचा धोका यांविषयी अभ्यासकांनी इशारा दिला होता. फ्रँक व सुदर्शन या अर्थशास्त्रज्ञांनी २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, २००० ते २००५ या काळात गिधाडांच्या अभावामुळे भारतात सुमारे पाच लाख अतिरिक्त मानवी मृत्यू झाले असावेत. मुंबईतील पारशी समाजाच्या दोखम्यांतील शतकानुशतकांची अंत्यविधीची परंपराही गिधाडांअभावी अडचणीत आली.

महाराष्ट्रातील चित्र

महाराष्ट्रात सह्याद्रीच्या कड्यांवर लांब चोचीची, तर कोकणातील उंच झाडांवर पांढऱ्या पाठीची गिधाडे वीण करतात. रायगड जिल्ह्यात म्हसळा तालुक्यातील चिरगाव येथे महाडच्या सीस्केप या संस्थेने प्रेमसागर मेस्त्री यांच्या पुढाकाराने गिधाडांच्या वसाहतीचे रक्षण केले. घरट्यांच्या झाडांचे संरक्षण, ग्रामस्थांचे प्रबोधन आणि मृत जनावरे गिधाडांसाठी विशिष्ट जागी ठेवणे असे या कामाचे स्वरूप आहे. औषधाबरोबरच अन्नाची टंचाई हाही येथील प्रश्न असल्याचे त्यातून पुढे आले. गडचिरोली जिल्ह्यात आणि फणसाड अभयारण्यातही सुरक्षित अन्न पुरविण्याचे उपक्रम राबविण्यात आले.

साथीच्या गृहीतकाचा एक अनपेक्षित लाभही येथे नमूद करावा लागेल. रोगी गिधाडांची निगा व तपासणी यांसाठी हरियाणातील पिंजोर येथे २००१ साली केंद्राची उभारणी सुरू झाली. रोगाचा प्रश्न निकालात निघाल्यावर तेच केंद्र गिधाडांच्या बंदिस्त प्रजननाचे केंद्र बनले. जानेवारी २०२४ मध्ये तेथील गिधाडे विदर्भातील ताडोबा व पेंच येथे पुनर्वसनासाठी आणण्यात आली. चुकीच्या अनुमानावर उभारलेली संस्था अशा रीतीने योग्य कामी आली.

निष्कर्ष

१. गिधाडांच्या मृत्यूंच्या तपासात पुण्यातील प्रयोगशाळेने मूत्रपिंडांच्या विकाराचे निर्णायक लक्षण नोंदविले. साथीचे गृहीतक मागे पडले म्हणून या नोंदीचे मूल्य कमी होत नाही.

२. अनुमान चुकण्याचे कारण निष्काळजीपणा नसून प्रश्नाची चौकट हे होते. विषांची तपासणी ज्ञात विषांपुरती मर्यादित राहिली. जे शोधले गेले नाही ते अस्तित्वात नाही, असे मानले गेले.

३. ताज्या नमुन्यांचा अभाव आणि परवानग्यांतील विलंब यांनी तपास लांबला. गिधाडांची संख्या दरवर्षी झपाट्याने घटत असताना एकेका वर्षाचा विलंबही हानिकारक होता.

४. या कोड्याचे उत्तर एकाच विद्याशाखेच्या कक्षेत नव्हते. पक्षिशास्त्रज्ञाची गणना, विकृतिशास्त्रज्ञाचे शवविच्छेदन, औषधशास्त्रज्ञाचे विश्लेषण आणि पशुपालकाच्या गोठ्याची माहिती या चारही गोष्टी एकत्र आल्या तेव्हाच ते गवसले. त्यांतील चौथी गोष्ट सर्वांत सोपी होती, आणि ती सर्वांत शेवटी विचारली गेली.

५. औषधाला परवानगी देताना ते घेणाऱ्या जनावरावरील परिणाम तपासले जात. त्या जनावराचे शव खाणाऱ्या पक्ष्याचा विचार कोणाच्याही कक्षेत नव्हता. २०१५ व २०२३ साली पुन्हा निर्बंध घालावे लागले, याचा अर्थ ही उणीव दीर्घकाळ कायम राहिली. नव्या पशुऔषधांची गिधाडांवरील सुरक्षितता बाजारात येण्यापूर्वीच तपासली जावी, ही संवर्धकांची मागणी या इतिहासाच्या आधारे यथार्थ ठरते.